पानपाखरू आणि बिननावाची राजकन्या

एका राज्यात एक राणी होती आणि तिला सगळ्याची भीती वाटत असे. पूर्वी वाटत नसे. पूर्वी ती वाघाच्या वाटेवरून घोडा घालीत असे, चार शास्त्रे तिला मुखोद्गत होती आणि भर दरबारात ती पंडितांना गप्प करीत असे. मग तिला लेक झाली. त्या दिवसापासून मुंगी दिसली तरी ती बाळाला उचलून घेई. राणीचे नाव पद्मरेखा. राजाचे नाव धृतिसेन. राजा शूर होता, प्रजाहितदक्ष होता, आणि बाळ रडू लागले की त्याला नेमकी दरबाराची आठवण होई.

लेक अकरा दिवसांची झाली. दुसऱ्या दिवशी बारसे. त्या राज्यात एक रीत होती. बारशाच्या आदल्या दिवशी अंगणातला सुका पाला झाडून जाळायचा आणि त्याची राख पाळण्याच्या चारी पायांना लावायची. अंगणातला पाला, एवढेच. पण राणीने गवाक्षातून पाहिले. अंगणापलीकडे बाग होती, बागेपलीकडे देवराई होती, आणि फाल्गुन असल्यामुळे देवराईत गुडघाभर पाचोळा साचला होता. पाचोळ्यात विंचू असेल. किरडू असेल. काय नसेल?

"भिवबा," राणीने म्हाताऱ्या माळ्याला हाक मारली, "राईतलाही पाला काढा."

"राईतला?" भिवबाने कानाला हात लावले. "बाईसाहेब, राईतल्या पाल्याला कुणी हात लावत नाही. माझ्या आज्याने लावला नाही, पणज्याने लावला नाही."

"त्यांच्या घरी अकरा दिवसांचं बाळ नसेल."

"होतं की. पणज्याकडे आजा होता, आज्याकडे बाप होता."

"भिवबा!"

"काढतो, बाईसाहेब."

ढीग हत्तीएवढा झाला. भिवबाने हात जोडले आणि आग लावली. आणि ढिगातली पाने उडाली. वाऱ्याने म्हणावे तर वारा नव्हता. तपकिरी, मधे शीर असलेली, कडेला बुरशीचे ठिपके पडलेली मेलेली पाने मधोमध उघडली, आणि आतून निळी निघाली. मोराच्या मानेसारखी निळी, टोकाला काळी, मधून आडवा दुधी पट्टा. तीनशे पाने उडाली. सात उडाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बारशाला सगळे नगर लोटले. बाळाची आत्या, म्हणजे राजाची धाकटी बहीण वनलेखा, पाळण्यावर वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायकांनी हात उगारले. आत्याबाई "कुर्रर्र" म्हणाल्या आणि नाव सांगणार, एवढ्यात दारातून पाला सळसळल्यासारखा आवाज आला.

दारात एक म्हातारी उभी होती. तिचे लुगडे सुक्या पानांचे होते आणि केसांत शेवाळ होते. देवराईची राखणदार, मंत्रविद्या जाणणारी पाचोळाबाई ती हीच. तिच्या तळहातावर सात चिमटी राख होती.

"राणी," ती म्हणाली, "माझी सात लेकरं तुला दिसली नाहीत."

राणी पाटावरून उठली. "आजी, मला ती पानं वाटली."

"वाटली. मग तुझंही लेकरू कुणाला दिसणार नाही. ज्यावर ठेवशील त्याच्यासारखं होईल. आणि पुढल्या फाल्गुनात पहिली वावटळ उठेल, तेव्हा सुकं पान होऊन वाऱ्याबरोबर जाईल."

"चूक माझी आहे. शाप मला दे."

"तुलाच दिला आहे," पाचोळाबाई म्हणाली, आणि गेली.

आत्याबाईंनी पाळण्यात पाहिले. पाळण्यात लाल दुलई होती, आणि दुलई रडत होती.

राजपुरोहिताने निवाडा दिला की कान दिसल्याशिवाय कानात नाव सांगता येत नाही. म्हणून राजकन्या बिननावाची राहिली.

ते वर्ष कसे गेले ते राणीलाच ठाऊक. बाळ दुलईवर दुलईसारखे दिसे, शालूवर शालूसारखे, आणि राजाच्या मांडीवर ठेवले तर राजा स्वतःच्या मांडीकडे पाहून कसनुसे हसे. राजवैद्याने अर्धा दिवस एका लोडाची नाडी पाहिली आणि लोडाला अशक्तपणा आहे असे सांगितले. तीन मांत्रिक आले. पहिल्याने आरसा दाखवला, आरशात रिकामा पाळणा दिसला. दुसऱ्याने धूप घातला, सगळ्यांना खोकला झाला. तिसऱ्याने असा जबर मंत्र म्हटला की तो स्वतःच दिसेनासा झाला. तो अजून सापडायचा आहे.

राणीने लेकीच्या पायांत घुंगरांचे वाळे घातले. लेकीच्या कमरेला रेशमी दोर बांधला आणि त्याचे दुसरे टोक स्वतःच्या मनगटाला. दोर आधी नऊ हात लांब होता. लेक पालथी पडली, तेव्हा राणीने तो सात हात केला. रांगू लागली, तेव्हा चार. धरून उभी राहू लागली, तेव्हा दोन.

"वहिनीसाहेब," आत्याबाई म्हणत, "पोरगी वर्षाची होत आली. खाली सोडा की जरा, पाऊल तरी टाकू दे."

"सोडली तर सापडायची कशी?"

राणी दुलईवर हात ठेवून बसून राही आणि हाताखाली श्वास वरखाली होतो का ते पाही. आपण चांगली आई आहोत का, याचा विचारही ती करी. पण तो विचार पुरा व्हायच्या आत घुंगरू वाजे.

फाल्गुन आला. झाडे पुन्हा पानगळीला लागली. एका सकाळी गवाक्षात एक पक्षी येऊन बसला. काळाकुळकुळीत, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला एकेक पीस. पक्षी राजाच्या आवाजात म्हणाला, "पद्मरेखा!" राणीने पदर सावरला. पक्षी आत्याबाईंच्या आवाजात म्हणाला, "वहिनीसाहेब!" राणी वळली. मग तो स्वतःच्या आवाजात हसला.

"मी भृंगराज. सगळ्यांच्या नकला मला येतात. मला फसवणारा या राज्यात एकच प्राणी आहे."

"कोण?"

"पानपाखरू. सुक्या पानासारखं दिसणारं फुलपाखरू. सतरा वेळा झडप घातली, सतरा वेळा तोंडात पाला आला. म्हणून त्याची जेवढी माहिती मला आहे तेवढी पंडितांना नाही. राणी, एक विचारू? वर्षभर मांत्रिक बोलावलेत. जिनं शाप दिला, तिला कुणी विचारलं?"

राणीने विचारले नव्हते. विचारायचे म्हणजे त्या सात चिमटी राखेसमोर उभे राहायचे होते.

"तुला यात काय मिळणार?" तिने विचारले.

"पाचोळा राहू द्या. पाचोळ्यात किडे असतात, किडे म्हणजे माझं जेवण. मी काही साधुसंत नाही."

राणीने लेकीला झोळीत घेतले, झोळी छातीशी बांधली आणि देवराईची वाट धरली. पुढे भृंगराज, मागे राजा, त्याच्या मागे आत्याबाई आणि सगळ्यांत शेवटी भिवबा. राई दाट होती. आत ऊन नाण्यानाण्यांनी पडत होते. एका ओढ्याकाठी जुनाट उंबर होता, आणि उंबराखाली पाचोळाबाई बसली होती. समोर सात चिमटी राख वर्षभर तशीच होती. वाऱ्याने तिला हात लावला नव्हता.

राणी राखेपुढे गुडघ्यांवर बसली. "आजी, उशीर झाला. मला लाज वाटत होती."

पाचोळाबाईने तीन बोटे वर केली. "तीन कामं कर. शाप मोडेल. पहिलं काम, माझ्या एका लेकराला जेवायला बोलाव."

"एवढंच?" राजा म्हणाला, आणि त्याने टाळी वाजवली. मागून आलेल्या सेवकांनी चाळीस तबके आणली. मोगरा, चाफा, पळस, आंब्याचा मोहोर, वर मध शिंपडलेला. पाखरे आली. पिवळी आली, पांढरी आली, ठिपक्यांची आली. पानपाखरू एकही आले नाही. सूर्य डोक्यावर आला.

"यावं, यावं, पंगत मांडली आहे," भृंगराज राजाच्या आवाजात म्हणाला आणि फांदीवर गडबडा लोळला.

राणीने वर पाहिले. "भृंगराजा, तू त्याच्या इतका जवळ गेला आहेस. त्याच्या अंगाला कसला वास येतो?"

पक्षी गंभीर झाला. "खरं सांगू? मोगऱ्याचा नाही. आंबलेल्या उंबराचा. झाडाच्या जखमेतून गळणाऱ्या रसाचा."

राणीचे कान लाल झाले. तिच्या खांद्यावर शालूच्या आत एक फडका होता. लेकीने सकाळपासून त्यावर कुस्करलेले केळे तीनदा उलटून टाकले होते, उन्हात ते आंबले होते, आणि राजासमोर वास येऊ नये म्हणून राणीने तो फडका आत दडवला होता. तो तिने काढला. झोळीत कालचे एक काळे पडलेले केळे होते, तेही काढले. फडका उंबराच्या मुळावर पसरला, त्यावर केळे कुस्करले.

"अगं, हे काय राजघराण्याला शोभतं?" राजा कुजबुजला.

त्याचे वाक्य संपले नव्हते तोच फांदीवरचे एक सुके पान सुटले आणि वाकडेतिकडे न उडता सरळ, वेगाने खाली आले. फडक्यावर उतरताना ते उघडले. निळे! राईत वीज चमकल्यासारखे झाले. मग पंख मिटले, गुंडाळलेली सोंड उलगडली, आणि पाखरू केळ्याचा रस ओढू लागले.

"जेवलं," पाचोळाबाई म्हणाली. "दुसरं काम. आता ते झाडावर बसेल. कुठे बसलं ते दाखव."

पाखरू उडाले आणि शेजारच्या ऐनाच्या झाडात शिरले. ऐनाला हजार सुकी पाने लोंबत होती. निळे दिसले, मग दिसले नाही. हजार पाने होती, आता हजार आणि एक झाली.

"ते," राजाने बोट दाखवले. भिवबाने काठी लावली. पान पडले.

"ते पाहा." पान पडले.

"आता मात्र नक्की तेच." तेही पानच होते. राजाने बोट मागे घेतले आणि त्याच बोटाने मिशी नीट केली.

राणी झाडाखाली उभी राहिली. तिने डोळे बारीक केले. वर्षभर न दिसणाऱ्या लेकीला झोपवलेली ती आई होती. झोपलेले लेकरू आणि झोपेचे सोंग घेतलेले लेकरू यांतला फरक तिला कळत होता. झोपलेले लेकरू हलते. ओठ चाळवते, मूठ उघडते, सुस्कारा टाकते. सोंग घेतलेले मात्र अजिबात हलत नाही. इतके हलत नाही की त्यावरूनच समजते.

झुळूक आली. हजार पाने थरथरली. खोडाच्या अंगाला, फांदीच्या बेचक्याजवळ, एक पान थरथरले नाही. डोके खाली, मागच्या पंखाचे टोक देठासारखे फांदीला टेकवलेले. अगदी शहाण्यासारखे ते निपचित बसले होते.

राणीने बोट उचलले, आणि लगेच खाली घेतले. वर भृंगराज मान वाकडी करून, चोच पुसून तयार बसला होता.

"दाखवा, दाखवा," तो आत्याबाईंच्या आवाजात म्हणाला. "अनमान कसला?"

राणी पाचोळाबाईकडे गेली, तिच्यावर वाकली आणि बारशात आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तसे तिने तिच्या कानात ठिकाण सांगितले.

पाचोळाबाईच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली. "बरोबर आहे."

"अठरावी खेप!" भृंगराज हळहळला.

"तिसरं काम," पाचोळाबाई म्हणाली, "तुझी लेक मला दाखव."

राणीने लेकीला झोळीतून काढून उराशी धरले. "ही काय, आजी."

"मला तुझा शालू दिसतो."

तेवढ्यात राईच्या टोकाकडून घरघर ऐकू आली. पाखरे गप्प झाली. पाचोळा जमिनीवरून उठला, गोल फिरला आणि त्याचा खांब झाला. फाल्गुनातली पहिली वावटळ. पश्चिमेकडून ती सरळ उंबराच्या दिशेने येऊ लागली.

राणीने लेकीला घट्ट धरले. हातातले वजन कमी झाले. तिने आणखी घट्ट धरले. कुशीत कुरकुर आवाज झाला. सुके पान मुठीत दाबल्यावर होतो तो.

"घट्ट धर!" राजा ओरडला.

"सोडा, वहिनीसाहेब!" आत्याबाई ओरडल्या.

ऐनाची हजार पाने सुटली आणि पूर्वेकडे उडाली. त्यातले एक उलटे निघाले. निळे उघडत, मिटत, पुन्हा उघडत ते वावटळीच्या तोंडावर, पश्चिमेकडे चालले होते. राणीने ते पाहिले. पान वाऱ्याबरोबर जाते. पाखरू वाऱ्याविरुद्ध जाते. आणि बसले की ते कुणालाच दिसत नाही. उडाले की आंधळ्यालाही दिसावे.

राणी खाली वाकली आणि तिने लेकीला पाचोळ्यात उभी केली. ज्या पाचोळ्यात विंचू असेल, किरडू असेल, त्याच पाचोळ्यात. दोराच्या गाठी तिनेच मारलेल्या होत्या, म्हणून सुटेनात. तिने दातांनी रेशीम तोडले. मग हात काढून घेतला. आधी एक, मग दुसरा. चार शास्त्रांत याहून अवघड काही नव्हते.

पाचोळ्यात नुसता पाचोळा दिसत होता. वावटळ आली. राजाचा फेटा गेला, चाळीस तबके गेली, पाने पूर्वेकडे, पूर्वेकडे, सगळी पूर्वेकडे. राणीच्या डोळ्यांत धूळ गेली तरी तिने ते मिटले नाहीत.

छुम्.

घुंगरू पश्चिमेला वाजले.

छुम्. पहिल्या पावलाला एक टाच दिसली, गुलाबी, मातीने माखलेली. दुसऱ्या पावलाला पोटऱ्या दिसल्या. तिसऱ्याला झबले, आणि झबल्यातून वर काढलेले दोन हात. राणीला वर्षानंतर लेक दिसली ती पाठमोरी. निळ्या पाखरामागे, भर वाऱ्यात, आईपासून लांब जाणारी. डुगडुगत, पाय फाकवून, पण कुणाचेही बोट न धरता ती चालली होती. वावटळीने तिला एकदा बसवले. ती उठली. वावटळीने पुन्हा बसवले. ती पुन्हा उठली. तिसऱ्यांदा वावटळच दमली, पाने खाली टाकून राईपलीकडे निघून गेली.

राजकन्या धप्पकन बसली. आई कुठे आहे ते पाहायला तिने मागे वळून पाहिले. आणि हसली. तिला चार दात होते. दूध पाजताना ते राणीने पुष्कळदा सोसले होते. पाहिले आज.

"दिसली," पाचोळाबाई म्हणाली. "शाप मोडला."

तशी साऱ्या राईने पंख उघडले. खोडांवरून, फांद्यांवरून, पाचोळ्यातून, राजाच्या फेट्याविना उघड्या पडलेल्या डोक्यावरूनसुद्धा एक पान उघडले आणि निळे झाले. तीनशे उडाली, त्यांच्या मागून त्यांची या वर्षीची प्रजा उडाली. ओढ्यावर निळे आभाळ उतरले. यावेळी राजाला दरबाराची आठवण झाली नाही. तो पाचोळ्यात बसला आणि लेकीपुढे त्याने हात पसरले.

कहाणीच आहे, तर जळालेली ती सातही परत आली असे सांगता आले असते. पण ती आली नाहीत. राणीने ती सात चिमटी राख ओंजळीत घेतली आणि विचारले, "आजी, यांचं काय करू?"

"यांच्यावर कारवी लाव," पाचोळाबाई म्हणाली. "माझ्या लेकरांच्या अळ्या कारवीची पानं खातात. काळ्या असतात, काटेरी असतात. दिसल्या तर किंचाळू नकोस."

"किंचाळेन," राणी खरे बोलली. "पण हात लावणार नाही."

पाचोळाबाई प्रथमच हसली.

"कान दिसतो!" आत्याबाई ओरडल्या. त्यांनी भाचीला उचलले. "मी वर्षभर 'कुर्रर्र' म्हणून थांबले आहे, आता कुणी मध्ये येऊ नका." राजपुरोहिताने काढून दिलेले अकरा अक्षरी नाव त्यांनी ओढ्यात सोडले आणि बाळाच्या कानाशी लागून त्या म्हणाल्या, "नीलपर्णा."

पाठीत धपाटे घालायला बायका नव्हत्या. राजाने एक घातला. भिवबाने भीतभीत एक घातला. राणीने मात्र वर्षभराच्या "सोडा, सोडा"चा हिशेब चुकता केला. आणि वर भृंगराज सात बायकांच्या आवाजात एकदम पाळणा म्हणू लागला.

पुढे त्या राज्याची रीत बदलली. बारशाच्या आदल्या दिवशी अंगण झाडतात, पण एक कोपरा बिनझाडलेला ठेवतात. तिथे एक कुजके केळे ठेवतात. बाळाची आई तिथे पाहुण्याची वाट पाहत बसते, आणि पाहुणा आला की तिला थोडा वेळ भीती वाटत नाही. राईच्या कडेला सात कारवीची बेटे आहेत. राणी पद्मरेखा त्यांना पाणी घालते. घाबरते, आणि घालते. नीलपर्णेचा रेशमी दोर आत्याबाईंनी पतंगाला लावला.

ही कहाणी आता फांदीवर पंख मिटून बसली आहे. ज्याला ती सुके पान वाटेल, त्याने ती झाडून टाकू नये. जरा थांबावे, ती उडेल, तेव्हा दिसेल.